वाडीचे नियम

"काकू, तुम्ही फक्त खांदा धरा. बाकीचं मी पाहते," असं म्हणून देवकीनं गणपतरावांना एका दमात कुशीवर वळवलं. ओली चादर गुंडाळून बाहेर ओढली, कोरडी आत सरकवली, पाठीवर पावडर मारली आणि त्यांना परत सरळ केलं. "झालं, बाबूजी. एवढं रागानं काहून पाहून राहिले? मी काय आज पहिल्यांदा पाह्यली तुमची पाठ?"

गणपतरावांच्या ओठांचा उजवा कोपरा हलला. अर्धांग झाल्यापासून माझ्या नवऱ्याला एवढंच हसता येतं, आणि तेही देवकीच्याच बोलण्यावर. माझ्या बोलण्यावर ते धडधाकट होते तेव्हाही फारसे हसले नाहीत.

त्या सकाळी मात्र देवकीचे डोळे सुजलेले होते.

"रडली का वं?" मी विचारलं.

"नाही काकू, ऑटोतली धूळ." ओल्या चादरीचं बोचकं तिनं बादलीत दाबलं. मग बादलीकडेच पाहत म्हणाली, "माय जाऊन राहिली, काकू. रात्री लहानूचा फोन आल्ता. डोळे उघडते, पाहते, बंद करते. तोंडात पाणी घालाले गेलं की ओठ मिटून घेते. म्हणते, देवकी येईन, तिच्या हातचं पिईन."

"मग तू इथं काय करून राहिली? जा न कामठीले."

"सुट्टी मागतली. ऑफिसातली मॅडम म्हणे, बदली बाई नाही." देवकी हसली. "मेल्यावर तीन दिवस भेटतात, काकू. मराच्या आधी नाही भेटत."

देवकी वाडीला राहायची, अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांमागं एका भाड्याच्या खोलीत. नवरा ट्रकवर क्लीनर होता, एका फेरीला गेला तो परत आलाच नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही आणि जिवंत असल्याचंही कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून ती दुसऱ्यांची माणसं सांभाळत आली. वाडीहून दोन ऑटो बदलून सकाळी आठला आमच्याकडे सक्करदऱ्याला हजर व्हायची, रात्री आठला सुटायची. तिची आई कामठीला भावाकडे, लहानूकडे. भावाचे दोन पॉवरलूम. म्हातारी शेवटपर्यंत मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत असे. तिला एकच मुलगी.

"पण काळजी नाही," देवकी म्हणाली आणि खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं. तिथं तिच्या कंपनीनं कामासाठी दिलेला फोन उभा करून ठेवलेला होता. "लहानूले सांगून ठेवलं, माय पाणी मागाले लागली की मले लाव. मी अशी निघते. अर्ध्या रस्त्यात असंन तवा मॅडमले सांगीन. नंबर तर ताईनं चालू करूनच देल्ला हाय."

ताई म्हणजे माझी मुलगी अस्मिता. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती पुण्याहून इथं आली आणि वरच्या खोलीत बसून काम करू लागली. कंपन्या आपल्या माणसांना जे फोन देतात, त्या फोनवर काय चालेल आणि काय चालणार नाही, ते ही इथं बसून ठरवते. कुणाचा कॅमेरा बंद, कुणाचं यूट्यूब बंद. त्या नियमांच्या सगळ्या संचाला ते लोक पॉलिसी म्हणतात. मला आधी वाटायचं ती एलआयसीत लागली. चौकीदारांपासून सेविकांपर्यंत माणसं पुरवणारी देवकीची कंपनीही तिचंच गिऱ्हाईक, म्हणून तर देवकी आम्हाला मिळाली.

या कंपनीचा नियम असा होता की कामाच्या वेळात सेविकेच्या फोनवर फक्त ऑफिसचा फोन यायचा. पण अस्मितानं त्यात एक वाट काढली होती. कुठल्या बाईचं लेकरू आजारी, कुणाची सून बाळंत व्हायची. बाया तिला गाठून सांगत आणि ती त्यांच्या घरचा एकेक नंबर हातानं चालू करून देई. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, कुणी नाही म्हटलं नव्हतं. 

हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला माझ्या नोकरीच्या दिवसांतलं आमचं टेलिफोनचं ट्रंक एक्सचेंज आठवलं. आम्ही मुली कानाला हेडफोन लावून ओळीनं बसायचो. लोक सकाळी कॉल बुक करत आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहत. घाईचा कॉल हवा तर जास्तीचे पैसे भरा, असा नियम. ज्याच्याकडे पैसे नसत तो साधाच कॉल बुक करी आणि नुसता फोन धरून रडत राही. मग आमच्यातली कुणीतरी शेजारणीकडे पाही, शेजारीण मान हलवी, आणि बल्लारशाच्या कुठल्याशा कोळशाच्या व्यापाऱ्याला मागं सारून तो कॉल लागे. निरोप काय ते आम्ही ऐकत नसू. आवाजावरूनच कळायचं. आज त्या मुलींपैकी निम्म्या गेल्या. परवा एकीचा मुलगा भेटला, तर त्याला आई काय काम करायची हेच नीट सांगता येईना.

दहा वाजून गेल्यावर मी चहा घेऊन वर गेले. अस्मिता हात मांडीवर ठेवून बसली होती आणि समोरच्या पडद्यावर बाण आपोआप फिरत होता. एक खिडकी उघडायचा, चौकटीवर खूण करायचा, खाली सरकायचा, पुढची खूण.

"हे कोण करून राहिलं?" मी घाबरून विचारलं.

"एजंट," ती हळूच म्हणाली. "एआय गं. एक पॉलिसी मी त्याला करून दाखवली. आता तो तिच्या कॉप्या काढते. मला आठवडा लागला असता, हा जेवणाच्या आत सगळं संपवते."

"मग तू काय करशील?"

"तेच तर." ती हसली नाही. "मी याला नीट चालवून दाखवलं तर मी राहीन. नाही तर आमच्याकडचे चार जण मागच्याच महिन्यात कामावरून गेले."

फोन स्पीकरवर होता. देवकीच्या कंपनीचे साहेब पलीकडून पाहत होते म्हणे, त्यांच्या पडद्यावरही हेच दिसत होतं. "मॅडम, वाडीच्या गोदामाचे चौकीदार पाहा कसे सरळ झाले," ते सांगत होते. "आधी फोनवरच राह्यचे साले. तुमची ती वाडीची पॉलिसी लावली अन् सगळे चूप. आता तीच पाहिजे. चौकीदार, सफाईवाले, सेविका, सगळ्यांले. बायांचं तर विचारूच नका. पेशंट तिकडं मरून राहिला अन् बाई इकडं हॅलो हॅलो."

"होऊन राहिलं सर," अस्मिता म्हणाली.

एवढ्यात बाण थांबला. पडद्यावर एक चौकोन आला. मी चष्मा वर करून वाचलं. इंग्रजी सोपं होतं. सेविकांच्या जुन्या पॉलिसीत बाहेरचे काही नंबर चालू आहेत, वाडीच्या पॉलिसीत तसे नाहीत; हे नंबर ठेवू, की काढून दोन्ही सारख्या करू?

अस्मिताचं बोट हवेतच राहिलं.

"काय अटकलं?" साहेब म्हणाले.

"काही नाही सर. काही जुने नंबर आहेत."

"जुनं काहून ठेवता? सेम टू सेम म्हटलं न मी."

"अस्मिता," मी तिच्या खांद्याला हात लावला. "देवकीचा आहे न गं त्यात."

तिनं फोनवर तळहात ठेवला. "आई, मी हातानं टाकते न परत. आत्ता ते पाहून राहिले. तू जा बरं खाली." आणि तिनं एक कळ दाबली. चौकोन गेला, बाण पुन्हा चालू लागला. मी पाहिलं, त्याला कसलीच घाई नव्हती, पण तो कुठं थांबतही नव्हता.

मी खाली आले. देवकी गणपतरावांची दाढी करत होती. कट्ट्यावरच्या फोनचा पडदा आपोआप उजळला आणि विझला.

"आला का गं?" मी एकदम विचारलं.

"नाही काकू. कंपनीचं काहीतरी राह्यते, असं उजळत राह्यते ते." तिनं वस्तरा पुसला. "अकरा वाजाले आले. म्हंजे बरी हाय."

बारा वाजता ती म्हणाली, अजून फोन नाही. एक वाजता जेवायला बसली तेव्हा तिनं डबा उघडून जवसाची चटणी माझ्या ताटात वाढली, आणि चक्क गाणं गुणगुणली. सकाळचे सुजलेले डोळे उतरले होते. "मायनं पाणी घेतलं असंन लहानूच्या हातचं," ती म्हणाली. "तिचं तसंच हाय. आठ वर्साआधी बी असंच केल्तं. सगळे पाहुणे बलावले, अन् चौथ्या दिवशी उठून म्हणते, माह्या कांड्या कोणी बिघडवल्या?"

मी जिन्याशी जाऊन हाक मारली, "अस्मिता, तो नंबर टाकला का?"

"हो गं आई!" वरून आवाज आला.

तरी मी ताट बाजूला सारलं. मी माझा फोन देवकीपुढे धरला. "एकदा लावून पाह्य न लहानूले. बोलून घे."

ती मागं सरकली. खरंच सरकली, जसा मी तिच्यापुढे विस्तव धरला होता. "नको काकू! असं नाही करत. जाणाऱ्याच्या घरी आपण होऊन फोन नाही लावत. गेली का, म्हणून विचारल्यासारखं होते. यमाले आवाज देल्यासारखं." मग स्वतःलाच समजावत म्हणाली, "आपण चूप राहाचं. तिकडून आला तर आला. नाही आला म्हंजे हाय."

जुन्या माणसांत तशी रीत आहे. माझ्या सासूबाईही पाळायच्या. मी फोन परत पदराला बांधल्यासारखा मुठीत धरून बसले.

दुपारभर देवकी माझ्या घरात अशी वावरली, जशी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. तिनं खिडकीच्या काचा पुसल्या. ते तिचं काम नव्हतं. गणपतरावांचे पाय तिळाच्या तेलानं चोळले आणि त्यांना सांगितलं, "बाबूजी, माय बरी झाली की तिले घेऊन येते एखाद्या दिवशी. तुम्ही दोघं बसा एकमेकांकडे पाहत. काकूले जळू द्या."

"कशाला जळू?" मी म्हणाले. "यांना घेऊन जा म्हणावं."

गणपतराव त्यावर हसले. तिच्या बोलण्यावर की माझ्या, ते कळलं नाही.

साडेचारला अस्मिता चहासाठी खाली उतरली. खूश होती. साहेबांनी तिच्या मॅनेजरला मेल टाकला होता. तिनं कपात साखर घातली आणि देवकी तेलाच्या हातांनीच तिच्याकडे वळली.

"ताई, तुम्हाले सांगू का? तुमच्यामुळे आज माह्या जीवाले ठंडक हाय. तुम्ही लहानूचा नंबर चालू ठेवला. दिवस गेला, फोन नाही वाजला. म्हंजे माय अजून हाय."

अस्मिताचा चमचा कपात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग ती कप तिथंच ठेवून वर गेली. आधी चालत, जिन्यावर धावत. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मी देवकीकडे पाहिलं. ती गणपतरावांच्या दुसऱ्या पायाला तेल लावत होती.

फोन वाजला.

देवकी हातातला पाय न सोडता कट्ट्याकडे वाकली. मग हाताला तेल म्हणून तिनं कोपरानं पडदा सरकवला आणि फोन कट्ट्यावरच स्पीकरवर टाकला. लहानूचा आवाज सगळ्या खोलीत आला.

"लागला का वं तुहा फोन? आता लागला?"

"लहानू? काय झालं गा?"

"सकाळपासून लावून राहिलो. एक रिंग जाते अन् कट. एक रिंग जाते अन् कट. तूच कट करून राहिली न?"

"मी? नाही गा, मी तर फोनसमोरच..."

"साडेदहाले पहिल्यांदा लावला. जित्ती होती तवा. उठून बसली होती, पाणी दे म्हणे. मी म्हटलं, घे माय. तोंड नाही उघडलं. देवकी येऊन राहिली म्हणे. दोन घंटे तशीच बसली, ओठ मिटून. तुले काय सांगू, जीभ कोरडी पडली होती तिची, आवाज नव्हता निघत. मी तुह्या ऑफिसात लावला, तिथं मशीन बोलते. निरोप नोंदवला म्हणते."

"आता कशी हाय?"

लहानूच्या मागं बाया रडत होत्या आणि कुणीतरी बादलीतून पाणी ओतत होतं.

"माती झाली, बाई. आताच आंघोळी करून राहिलो."

"मले सोडून?"

"किती ठेवाचं? पाहुणे म्हणाले, पोरगी फोन कट करून राहिली, म्हंजे तिले याचंच नाही. तोंडावर पडलो मी सगळ्यांच्या." त्याचा आवाज फाटला. "तहानलेली गेली माय. तुह्या नावानं तहानलेली गेली. आता नको येऊ तू. येऊन कोणाले पाणी पाजतं?"

त्यानं फोन ठेवला. देवकी कट्ट्याकडे पाहत राहिली. मग तिनं हातातला पाय हळूच गादीवर ठेवला, फडक्यानं त्याचं तेल टिपलं, घोट्यापासून बोटांपर्यंत, एकेक बोट. पांघरूण ओढलं. हात धुतले.

अस्मिता दारात उभी होती. चेहरा पांढरा झालेला.

"देवकीताई," ती म्हणाली, "नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. आज सगळीकडेच..."

देवकीनं मान हलवली. "असंन." तिनं पिशवी घेतली, चपला घातल्या, फोन पिशवीत टाकला. "काकू, बाबूजीले आज तुम्ही भरवा. मी जाते."

"थांब, मी ऑटो बोलावते," मी म्हणाले.

"नाक्यावर भेटते."

मी तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. ती फाटकाबाहेर पडली, चार घरं ओलांडली असतील, तोच तिच्या पिशवीतून किंचाळल्यासारखा आवाज उठला. अॅम्ब्युलन्सचा असतो तसा, पण त्याहून बारीक आणि चिरका. सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला निघालेली माणसं थांबली. समोरच्या घराच्या गॅलरीत आमची शेजारीण गार्गी बाहेर आली. देवकीनं पिशवी चाचपली, फोन काढला, उलटा केला, दाबला. तो अधिकच ओरडला. त्यातून एक बाई शुद्ध मराठीत सांगू लागली, "आपण कामाची जागा सोडली आहे. कृपया परत या. आपण कामाची जागा सोडली आहे."

वाडीचे चौकीदार चहा प्यायला म्हणून गोदाम उघडं टाकून जात, म्हणून त्यांच्या फोनला अशी शिट्टी लावलेली होती, हे अस्मितानं मला मागाहून सांगितलं. ते सगळं आलं होतं. एक नियम सुटला नव्हता.

गल्लीत कुणीतरी हसलं. "चोरून नेला का वं फोन?" पानठेल्यावरून एकानं विचारलं.

देवकी वळली. फोन हातात धरून, तो ओरडत असताना, परत चालत आली. वर पाहिलं. अस्मिता आमच्या वरच्या गॅलरीचा कठडा धरून उभी होती. दीड वर्षात या फोननं असा आवाज कधी काढला नव्हता, हे देवकीला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

"हे बी नेटवर्कच हाय का, ताई?" तिनं विचारलं.

अस्मिता आत पळाली. आवाज बंद करायला पळाली की आणखी कशाला, ते मी तिला विचारलेलं नाही.

देवकीनं फाटक लोटलं, आत एक पाऊल टाकलं आणि फोन आमच्या कुंपणाच्या भिंतीवर, तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवला. तो तत्काळ गप्प झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्या हाताला एकदा हात लावला, तेलाचा वास येत होता अजून, आणि फाटक ओढून घेऊन ती नाक्याकडे निघाली. फोनशिवाय. ऑटोत बसताना ती मागं वळली नाही.

मी आत जाऊन गणपतरावांना मऊ भात भरवायला घेतला. त्यांनी दोन घास घेतले आणि दाराकडे पाहत राहिले. अस्मिता वरून आली नाही. बाहेर काळोख झाला. भिंतीवरचा फोन आत आणावा असं माझ्या मनात येत होतं, पण हात होईना.

आठ वाजता तो तिथं आपोआप उजळला. मी खिडकीतून पाहिलं, मग बाहेर जाऊन वाचलं. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, "देवकी, आजची आपली सेवा पूर्ण झाली. आपण दिवसभर कामाच्या जागी हजर होता. धन्यवाद."